उभा ठेवायचा तुकडा

माझी बायको काय काम करते हे आमच्या नात्यात आजवर कुणाला धड सांगता आलेलं नाही. इस्पितळाच्या लॅबमध्ये असते म्हटलं की लोक रक्त-लघवीवर येऊन थांबतात. माझी थोरली मेहुणी तर एकदा जेवायला आली ती पर्समधून कागदात गुंडाळलेली बाटली घेऊनच. म्हणाली, "तुझ्याकडे येतच होते, म्हटलं देऊन टाकावं."

हिने ती बाटली दोन बोटांनी उचलून बहिणीच्या पर्समध्ये परत ठेवली आणि हात धुवायला गेली.

"सख्ख्या बहिणीसाठी एवढंही होत नाही तुझ्याच्यानं?"

"ताई, मी मांस कापते. लघवीवाले खालच्या मजल्यावर बसतात."

त्यानंतर त्या दिवशी कुणाला फारसं जेवण गेलं नाही.

ही लवकरच निवृत्त होते आहे. लॅबमधल्या मंडळींना घरच्या कुणीतरी तिच्याविषयी लिहून द्यावं असं वाटलं. त्यांनी लेकीला विचारलं आणि लेकीने ते माझ्या गळ्यात टाकलं. मला लिहायची सवय नाही. आयुष्यभर घरोघरच्या पाण्याच्या मीटरचे आकडे लिहिले, त्यात शैलीचा प्रश्न येत नाही. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्यावं. ही मात्र सांभाळून घेणार नाही, हे मला ठाऊक आहे.

हिचं काम असं. माणसाच्या शरीरातून काढलेला तुकडा, गाठीचा, आतड्याचा नाहीतर कातडीचा, तो खराब होऊ नये म्हणून औषधाच्या पाण्यात बुडवून बाटलीतून हिच्याकडे येतो. मग तो स्पिरिटमधून जातो, त्यातलं पाणी निघून जातं, त्या जागी मेण मुरतं. मग ही तो चिमट्याने एका धातूच्या लहानशा साच्यात ठेवते, वरून वितळलेलं मेण ओतते आणि गार करते. काडेपेटीहून लहान ठोकळा तयार होतो. त्याला त्या खोलीत ब्लॉक म्हणतात. यंत्रावर या ब्लॉकचे काप काढायचे, तेही इतके पातळ, की जवळ कुणी शिंकलं तर गेले. ते कोमट पाण्यावर तरंगत सोडायचे, काचेच्या पट्टीवर अलगद उचलायचे, जांभळा आणि गुलाबी रंग द्यायचा आणि डॉक्टरांच्या पुढे सरकवायचे. रोग आहे की नाही ते डॉक्टर बघतात. ही म्हणते, "रोगातलं मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. माझं काम दाखवायचं."

पण कळत नाही म्हणते ते खरं नव्हे. बँकेच्या रांगेत उभे असलो की ही माझी बाही ओढून कानाशी लागते, "पुढच्या गृहस्थांना सांगा ना, मानेवरचं ते दाखवून घ्या म्हणावं." मी छताकडे बघतो. मग ही स्वतःच सांगते. गृहस्थ आधी हिच्याकडे बघतात, मग माझ्याकडे. मी त्या वेळी ओळखच दाखवत नाही.

घरातही तेच. लेक शाळेत असताना एकदा घरभर फिरत पाठांतर करत होती. अभिस्तर ऊती, संयोजी ऊती, स्नायू ऊती, चेता ऊती. पुन्हा पहिल्यापासून. हिने पोळपाटावरचे हात थांबवून विचारलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे चार प्रकार."

"चार प्रकार कशाचे?"

"ऊतींचे."

"आणि ऊती म्हणजे?"

लेकीने पुस्तकात बघितलं. ही तिथेच चिडली. "पुस्तकात कशाला बघतेस, स्वतःच्या हाताकडे बघ. एकटी पेशी काय करणार, डोंबल? एकसारख्या पेशी एका जागी जमतात आणि एक काम अंगावर घेतात, ती ऊती. वरून झाकायचं काम घेतलं ती अभिस्तर. एकमेकांना धरून ठेवायचं, मध्ये भरायचं, टेकू द्यायचा, ती संयोजी. आखडायचं आणि सैल सोडायचं, ते स्नायू. निरोप न्यायचा-आणायचा, ती चेता. आता हे बोट हलव. चारही जणी कामाला लागल्या की नाही?"

लेक म्हणाली, "आई, परीक्षेत एवढं विचारत नाहीत."

"मग परीक्षाच चुकीची आहे."

मी पेपर वाचत होतो. खरं म्हणजे मी त्यात पडायला नको होतं. पण म्हटलं, "झाकण, भरण, धरून ठेवणारे टाके. म्हणजे आपली गादीच की."

ही माझ्याकडे वळली. मी पेपर खाली ठेवला. "गादी? गादीचा अभ्रा काढून दुसरा घालता येतो. कातडीचा वरचा थर नुसता काढून बघा, किती तग धरतो. त्या थरात रक्ताची एक नळी नसते. एक नाही. खालच्या थरात नळ्या आहेत, तिथून झिरपेल त्यावर वरचे सगळे जगतात."

हे मात्र मला लगेच समजलं. मी म्हणालो, "म्हणजे वरच्या मजल्यावर नळच नाही. खालच्याच्या जिवावर राहतात."

हिने परत पोळी लाटायला घेतली. चूक काढायला जागा मिळाली नाही की ती हातातल्या कामाकडे वळते. मग म्हणाली, "तसं म्हणा. आणि मध्ये एक पातळ जमीन असते. वरचे वर, खालचे खाली. ती जमीन आहे तोवर घर आहे." त्या दिवशी मला जवळजवळ शाबासकी मिळाली होती, म्हणून लक्षात राहिलं.

लॅबमध्ये तिचा सगळ्यात जास्त जीव कोणी घेतला असेल तर तिच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईने. ही तिला वादळ म्हणते आणि आता सगळेच म्हणतात, डॉक्टरसुद्धा. वादळ दोन मुलांना शाळेत सोडून धापा टाकत येते, येताच गाणं गुणगुणायला लागते, कोपराने काहीतरी पाडते. तिच्या बाह्यांवर मेण, केसांत मेण, तिच्या ब्लॉकच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. हिच्या ब्लॉकला मात्र चारही कडा अशा, की साबणाची नवी वडी वाटावी. घरी येऊन चपला काढता काढता हिचं सुरू व्हायचं, "आज पुन्हा मेणाचं भांडं कलंडवलं. वर म्हणते, बाई, सांडलं तेवढं जमिनीलाही मिळायला हवं." मी हसलो तर मलाही बोलणी.

एका बाबतीत मात्र हिने वादळाला चांगलंच धारेवर धरलं होतं. कातडीचा तुकडा साच्यात आडवा ठेवायचा नसतो, कडेवर उभा ठेवायचा. पुस्तक टेबलावर ठेवून वरून बघितलं तर नुसतं मुखपृष्ठ दिसतं. पानं किती, ते कडेने बघावं लागतं. तसंच हे. उभा ठेवला तर कापात वरचा थर, मधली जमीन, खालचे धागे, नळ्या, सगळं एकाखाली एक दिसतं. आडवा झोपला तर एकच थर हाती लागतो आणि रोग किती खोल गेला ते डॉक्टरांना सांगताच येत नाही. वादळाने एकदा आपल्या सासूचा तुकडा स्वतः करायला घेतला होता. हिने तिच्या हातातला चिमटा काढून घेतला. "घरच्या माणसाचं आपण करायचं नाही. हात अडखळतो. या खोलीत हा नियम आहे." नियम त्याच क्षणी हिने केलेला होता. पण पुढे सगळ्यांनी पाळला.

आता माझ्या कानाची गोष्ट.

मीटर बघत उन्हातान्हात फिरण्यात माझी नोकरी गेली. टोपी घालत होतो, पण टोपीच्या बाहेर कान राहतात. उजव्या कानाच्या वरच्या कडेला एक खरखरीत लालसर चकती झाली होती. दुखत नव्हती. मी ती नखाने काढायचो, ती परत यायची. हिच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

"ते दाखवून या."

"ऊन लागलंय."

"पावसाळ्यात ऊन लागलं?"

पुढचे काही महिने आमच्याकडे दुसरा विषय नव्हता. मी चहा मागितला की कान. दिवा बंद कर म्हटलं की कान. लेकीचा फोन आला की पहिला कान आणि मग नातवंडं. शेवटी मी कंटाळून गेलो सर्जनकडे. रोगाला नाही, हिला कंटाळून.

सर्जनने भिंगातून बघितलं, कान बधिर केला आणि चकतीचा छोटासा तुकडा काढून बाटलीत टाकला. म्हणाले, "वरच्या थरातच असेल तर कडेची बारीक पट्टी काढून भागेल. जमीन ओलांडून खाली कूर्चेपर्यंत गेलं असेल तर कानाचा वरचा भाग काढावा लागेल." कूर्चा म्हणजे कानातलं ते वाकणारं, हाडासारखं पण हाड नसलेलं.

मी विचारलं, "मग चष्मा कशाला अडकवायचा?"

सर्जनना आधी मी चेष्टा करतोय असं वाटलं. मी चेष्टा करत नव्हतो. ते म्हणाले, "आधी कळू दे. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया धरतो. तोवर तुमच्या मिसेसच्याच लॅबमधून उत्तर येईल. आणि हे बघा, खोली किती ते कळलं नाही, तर मला जोखीम घेता येणार नाही. मोठाच भाग काढावा लागेल."

घरी आल्यावर हिला हे सांगितलं. तिने फक्त एवढंच विचारलं, "तुकडा केवढा काढला?"

मी बोटाने दाखवला.

"एवढासाच? एवढ्याशात काय दाखवायचं माणसाने?" आणि आत जाऊन तिने कपाटातले सगळे टॉवेल काढून पुन्हा घड्या घातल्या.

नंतरचे दोन-तीन दिवस ही इतकी गोड वागली, की मला भीती वाटायला लागली. सकाळी लवकर निघायची. मी काही विचारलं की, "होईल हो," एवढंच. चिडेनाशी झाली. ही चिडेनाशी झाली तर काहीतरी गंभीर आहे, हे माझ्यासारख्यालाही कळतं.

मग एके दिवशी ही जेवणाचा डबा ओट्यावर विसरून गेली. असं आजवर झालेलं नव्हतं. मी डबा घेऊन इस्पितळात गेलो.

हिची खोली लांबट आहे. एका बाजूला ओळीने टेबलं, दुसऱ्या बाजूला खिडक्या, मध्ये एक शेगडीसारखं यंत्र, त्यात मेण वितळत असतं. सगळीकडे मेणाचा आणि स्पिरिटचा वास. दाराबाहेर लोकांना बसायला बाकडं आहे. मी तिथे टेकलो. दार अर्धं उघडं होतं.

आत काचेच्या पट्ट्या तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकाजवळ उभ्या होत्या. शांत बाई आहेत, पेन्सिल कानामागे खोचून विसरतात. त्या म्हणाल्या, "यात मला वरच्याच थराच्या पेशी दिसतायत. बिघडलेल्या आहेत, ते खरं. पण खाली काय आहे ते दिसतच नाही. जमीन कुठे आहे?"

त्या माझ्या कानाबद्दल बोलत आहेत हे मला थोड्या वेळाने कळलं.

आणि मग हिचा आवाज. घरी ऐकतो तोच, पण दुप्पट. "कापलं कुणी? काल कापायची पाळी कुणाची होती? किती वेळा सांगितलं, घाई करू नकोस. पात्याला धार आहे का बघितलंस? डोकं कुठे असतं तुझं? त्या तुकड्यावर एका माणसाचा कान आहे, कळतं का?"

वादळ म्हणाली, "बाई, कापण्यात काही नाही."

"मग कशात आहे?"

"तुकडा ब्लॉकमध्येच झोपलाय."

"झोपलाय म्हणजे तूच झोपवलास."

डॉक्टरीणबाईंनी ब्लॉक उचलून उजेडात धरला, भिंग लावलं. मी दाराच्या फटीतून बघत होतो. बाकड्यावरून उठलो होतो, ते मला आठवतही नाही. त्यांनी ब्लॉक सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. चारही कडा साबणाच्या नव्या वडीसारख्या होत्या. त्यांनी तो हिच्यासमोर टेबलावर ठेवला.

या खोलीत असा ब्लॉक एकच माणूस करतो. ते तिघींनाही ठाऊक होतं आणि मलाही.

ही खुर्चीत बसली. मग कुणी विचारलेलं नसताना सांगायला लागली, तेही चिडूनच, जणू दुसऱ्याच कुणाचा गाढवपणा सांगतेय. "काल सकाळी लवकर येऊन केला. कुणी नव्हतं. उभा ठेवला, मग वाटलं वाकडा आहे का. बाजूला केला, भिंगाने बघितलं, परत ठेवला. तोवर तळाचं मेण घट्ट झालेलं. परत गरम केलं. परत भिंग. एरवी हात आपला आपण करतो, मी बघतसुद्धा नाही. या वेळी मी बघत बसले. वरून मेण ओतलं तेव्हा तो कलंडला असणार. मला दिसलंच नाही. कडा कापून स्वच्छ केल्या. कडा." तिने ब्लॉक टेबलावर जरा ढकलला. "कडांचं काय लोणचं घालायचंय?"

वादळ म्हणाली, "नियम कुणी केला होता, बाई?"

मला वाटलं आता ही तिला फाडून खाणार. पण ही म्हणाली, "मीच केला होता. म्हणून तर मोडला. दुसऱ्या कुणाचा असता तर पाळला असता."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडा तुकडा शिल्लक आहे. मेण वितळवून पुन्हा उभा करता येईल. पण हे शेवटचंच. पुन्हा झोपला तर हाती काही राहणार नाही. मग सर्जनना सांगावं लागेल, की खोली कळली नाही." एवढं बोलून त्या आपल्या खोलीत गेल्या. कुणी करायचं ते सांगितलं नाही. ते न सांगणं मला त्या वेळी अजिबात आवडलं नाही.

हिने ब्लॉक उचलून मेणाच्या यंत्रावर वितळायला ठेवला. थोड्या वेळाने चिमटा घेतला. मला तिचा हात दिसत होता. तिने चिमटा खाली ठेवला. परत उचलला. मग न बघताच वादळापुढे धरला.

"तू कर."

"मी?"

"इथे तिसरं कुणी दिसतंय का तुला?"

वादळाने हातातला कप ठेवला. तो सांडला, अर्थातच. तिने साचा घेतला आणि हिने सुरू केलं, "आधी चिमटा गरम कर. मेण थोडंच घाल. थोडं म्हटलं की थोडं. कुठली बाजू वर आहे ते नीट बघ. आणि गाणं म्हणू नकोस."

वादळाने चिमटा खाली ठेवला. "मग तुम्हीच करा."

"अगं, मी सांगतेय फक्त."

"बाई, तुम्ही सांगताय, तिकडे माझा हात थांबतोय. तुम्ही बाहेर बसा. साहेब आलेत बघा तुमचे, मघापासून दाराला चिकटून उभे आहेत."

हिने वळून माझ्याकडे बघितलं. मी डबा पुढे केला. दुसरं काय करणार?

ही बाहेर आली आणि बाकड्यावर माझ्याशेजारी बसली. आतून वादळाचं गाणं ऐकू यायला लागलं. हिने डोळे मिटून घेतले.

"म्हणतेय," ही म्हणाली.

"म्हणू दे."

"तुमचा कान आहे तिच्या चिमट्यात."

"ठाऊक आहे."

"मग शांत कसे बसता तुम्ही?"

मी शांत नव्हतो. पण शांत नाही म्हटलं असतं तर तिला आणखी एक काम लागलं असतं. मी म्हणालो, "डबा खाऊन घे."

"भूक नाही." मग जरा वेळाने, "तुम्ही खाल्लंत?"

"नाही."

"का? मी विसरले तर तुम्हीही उपाशी राहायचं? कुठला न्याय हा?" आणि तिने डबा उघडून माझ्यापुढे धरला. मी दोन घास घेतले, म्हणजे तिने बोलणं थांबवावं म्हणून. तिनेही घेतले.

मी विचारलं, "खरं सांग. दिसेल?"

"उभा राहिला तर दिसेल."

"आणि जमीन फुटलेली असली तर?"

तिने डब्याचं झाकण लावलं. "तर खालच्या नळ्यांपर्यंत वाट झाली. मग ते कुठेही जाऊ शकतं. तुम्हालाच माहीत आहे, पाणी एकदा नळीत शिरलं की..." तिने वाक्य पुरं केलं नाही. मीही मागितलं नाही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, हिने वाक्य अर्धं सोडलेलं मी प्रथमच ऐकत होतो.

आत बर्फावर ब्लॉक गार होत होता, मग यंत्राच्या चाकाचा घरघराट आला, मग नळाचं पाणी. प्रत्येक आवाजाला ही मान वळवायची. एकदा उठली, दाराशी गेली, आत न बघता परत आली. ते बघून मला तिचा रागही आला आणि कीवही. आत जायचं तर जा, नाही तर बस एका जागी. पण हे मी तिला सांगितलं नाही.

रंग देऊन, सुकवून पट्टी तयार व्हायला बराच वेळ लागला. डॉक्टरीणबाईंच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा आम्ही दोघंही उठलो. त्या म्हणाल्या, "या, दोघंही या."

सूक्ष्मदर्शकाला दोन माणसांनी एकदम बघायची सोय होती. मला काही समजणार नाही म्हणून मी मागे राहिलो. ही बसली, डोळा लावला आणि ताबडतोब म्हणाली, "डावीकडे सुरकुती आहे."

वादळ दारात उभी होती. "आहे. पण कडेला आहे, बाई. मध्ये नाही."

"मी कुठे म्हटलं मध्ये आहे? आहे म्हटलं."

डॉक्टरीणबाईंनी काच हळूहळू सरकवली. "इथून बघा. वरचा थर जाड झालाय, पेशींची ओळ मोडलीय. आणि ही खालची रेघ. इथपर्यंत अखंड. इथेही. या टोकाला खाली जरा सूज आहे, पण ओलांडलेलं कुठेच नाही. कूर्चेचा प्रश्नच नाही. मी सर्जनना सांगते, कडेची पट्टी पुरे."

ही बघतच राहिली. मी म्हणालो, "काय गं?"

"थांबा जरा."

"अगं, डॉक्टर सांगतायत ना."

"मला बघू द्या. मी इतकी वर्षं दुसऱ्यांना दाखवते. आज बघतेय." मग जागा सोडून म्हणाली, "या, तुम्हीही बघा. उगाच नंतर विचारत बसाल."

मी चष्मा काढला आणि वाकलो. जांभळ्या ठिपक्यांची दाटी होती, त्याखाली गुलाबी विस्कटलेले धागे, त्यांत एक-दोन पोकळ गोल. आणि दोन्हींच्या मध्ये नागमोडी वळणाची सीमा. ती माझीच होती म्हणे. मला ती नीट दिसली की नाही सांगता येत नाही. पण हिने मागून विचारलं, "दिसली का?" तेव्हा मी हो म्हणालो.

पुढच्या आठवड्यात सर्जनने कडेची पट्टी काढली. टाके घातले, कानाला मोठं पागोटं बांधलं. काढलेली पट्टी बाटलीत घालून त्यांनी हिच्याच हातात दिली, कारण ही बाहेर उभीच होती आणि लॅब तिथून दोन दारांवर. कडा स्वच्छ आहेत का, मागे काही राहिलंय का, ते त्या पट्टीवरून बघायचं होतं.

ही बाटली घेऊन चालली. मी पागोटं सावरत तिच्या मागे. खोलीत शिरल्यावर ती आपल्या टेबलाकडे गेली नाही. वादळाच्या टेबलावर पसरलेला मेणाचा कचरा तिने हाताने बाजूला लोटला, तिथे बाटली ठेवली आणि म्हणाली, "ही पट्टी लांब आहे. तीन तुकडे करावे लागतील. तिन्ही उभे. बाकी तू बघ."

वादळ म्हणाली, "बाई, तुम्ही खोलीत थांबलात तरी चालेल. आज मी घाबरणार नाही."

"तू नाही घाबरणार. मला काम नाही का दुसरं?"

दुसरं काम तिला नव्हतं, तिचं टेबल मोकळं होतं. ती बाहेर आली. मी बाकड्याजवळ उभा होतो, तर माझ्यावरच खेकसली, "उभे काय राहिलात? बसा. आणि त्या कानाला हात लावू नका."